गुन्हेपीडितांचा अभ्यास : प्रश्न नेमके कोणाला विचारायचे?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. समाजशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी तुम्ही ‘गुन्हेपीडित आणि त्यांना मिळणारा समाजाचा आधार’ हा विषय घेतला आहे, साठ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली आहे, तीस पीडितांच्या मुलाखती घ्यायचे ठरवले आहे, आणि आता ‘त्यांना न दुखावता त्यांच्या दुःखाबद्दल कसे विचारावे’ या प्रश्नाशी तुम्ही अडला आहात. ‘पीडित’ म्हणावे, ‘बळी’ म्हणावे की आणखी काही, हेही तुम्ही शेवटी विचारले आहे.

मुलाखतीच्या तंत्राबद्दल पुढे लिहितेच. पण तुमची अडचण मुळात तंत्राची आहे असे मला वाटत नाही. प्रश्नावलीचे जे पाच मथळे तुम्ही दिले आहेत, ते असे : घटनेचे स्वरूप, घटनेच्या वेळची मनःस्थिती, नंतरचे मानसिक परिणाम, कुटुंबावरील परिणाम आणि मदतीविषयीच्या अपेक्षा. हे पाचही मथळे पीडितावर काय ओढवले आणि त्याच्या मनात काय चालले आहे, याभोवती फिरतात. प्रबंधाच्या शीर्षकात मात्र समाजाचा आधार आहे. म्हणजे परीक्षा घ्यायची आहे समाजाची, आणि उलटतपासणी होणार आहे पीडिताची. दुखावण्याची भीती तुम्हाला वाटते आहे ती बरीचशी यातूनच येते. ज्या माहितीची तुमच्या प्रश्नाला गरजच नाही, ती तुम्ही मागायला निघाला आहात आणि ते कुठेतरी तुम्हालाही जाणवते आहे.

मी या कामात वीस-बावीस वर्षे आहे. सुरुवातीला पीडित-सर्वेक्षणांसाठी, म्हणजे पोलिसांच्या नोंदींवर न थांबता लोकांनाच ‘तुमच्याबाबत गुन्हा घडला का’ असे विचारणाऱ्या पाहण्यांसाठी, दारोदार फिरून मुलाखती घेतल्या, पुढे मदत केंद्रात पीडितांसोबत बसण्याचे आणि त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात व न्यायालयात जाण्याचे काम केले, आणि आता नव्या कार्यकर्त्यांना शिकवते. त्यामुळे पुढच्या मजकुरात वाचलेले आणि पाहिलेले दोन्ही मिसळलेले आहे.

तुमच्या हातून होणारी चूक नवी नाही. गुन्हेपीडितांचा अभ्यास करणारे पीडितशास्त्र तिच्याच पोटी जन्मले आहे. १९४० च्या दशकात बेंजामिन मेंडेलसोन या वकिलाने आणि हान्स फॉन हेंटिग या गुन्हेगारीशास्त्रज्ञाने पीडिताकडे प्रथमच अभ्यासाचा विषय म्हणून पाहिले, पण पाहिले ते ‘गुन्हा घडण्यात याचा वाटा किती’ या नजरेने. मेंडेलसोन यांनी पीडितांची जी वर्गवारी केली, तिच्या एका टोकाला पूर्णपणे निर्दोष पीडित होता आणि तिथून दोषाचे प्रमाण पायरीपायरीने वाढत जात होते. पुढे मार्व्हिन वोल्फगँग या अमेरिकी गुन्हेगारीशास्त्रज्ञाने फिलाडेल्फियातील १९४८ ते १९५२ या काळातील ५८८ हत्यांच्या नोंदी तपासल्या आणि त्यांपैकी सुमारे २६ टक्के प्रकरणांत शारीरिक बळाचा पहिला वापर मृत व्यक्तीनेच केला होता, असे दाखवले. हे निरीक्षण त्याच्या मर्यादेत उपयोगी आहे. दोघांच्या भांडणात कोण मरतो हे पुष्कळदा योगायोगावर ठरते, एवढे त्यातून कळते. पण हीच कल्पना मेनाखेम अमीर या गुन्हेगारीशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यांना लावली, तेव्हा पोलिसांच्या कागदांत स्त्रीच्या वागण्याविषयी किंवा लौकिकाविषयी जे काही लिहिलेले होते, तेच ‘चिथावणी’चा पुरावा म्हणून मोजले गेले. ज्यांनी ती कागदपत्रे लिहिली त्यांचे पूर्वग्रह आकडेवारीचे कपडे घालून परत आले, आणि त्यावर जोरदार टीका झाली ती योग्यच होती. नव्या कार्यकर्त्यांना मी हा इतिहास मुद्दाम सांगते, कारण पीडिताची माहिती गोळा करणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी, प्रश्नाचे तोंड चुकीच्या दिशेला असेल तर उत्तरही तिकडेच जाते.

दिशा बदलली ती १९७० च्या दशकात, आणि ती प्रामुख्याने स्त्रियांनी उभ्या केलेल्या मदत केंद्रांमुळे आणि पीडितांच्या स्वतःच्या संघटनांमुळे. विद्यापीठे थोडी मागून आली. १९७३ मध्ये जेरुसलेमला या विषयावरचा पहिला आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला आणि १९७९ मध्ये जागतिक पीडितशास्त्र संस्था स्थापन झाली. तुमच्या दृष्टीने सर्वांत कामाचा दस्तऐवज मात्र २९ नोव्हेंबर १९८५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारलेला जाहीरनामा हा आहे. त्यात पीडिताची जी व्याख्या आहे तीनुसार गुन्हेगार सापडला की नाही, पकडला गेला की नाही, त्याच्यावर खटला चालला की नाही किंवा तो दोषी ठरला की नाही, यांवर एखाद्याचे पीडित असणे अवलंबून नाही. शिवाय पीडिताचे निकटचे कुटुंबीय, त्याच्यावर अवलंबून असलेले लोक आणि त्याला वाचवायला जाऊन इजा झालेले लोकही या व्याख्येत बसतात.

ही व्याख्या स्वीकारली की तुमच्या तीस जणांच्या निवडीचा प्रश्न लगेच उभा राहतो. पोलिसांकडील नोंदींतून किंवा एखाद्या मदत संस्थेच्या यादीतून तुम्ही नावे मिळवलीत, तर जे आधार शोधत कुठल्यातरी दारापर्यंत पोहोचले तेवढेच तुम्हाला भेटतील. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या आरंभापासून, ब्रिटनमध्ये १९८२ पासून आणि अनेक देशांत मिळून १९८९ पासून होत असलेली पीडित-सर्वेक्षणे सातत्याने हेच दाखवत आली आहेत की गुन्ह्यांचा मोठा भाग पोलिसांपर्यंत जातच नाही. तक्रार न करण्याची कारणेही सर्वत्र थोडीफार सारखीच असतात : नुकसान किरकोळ वाटले, काही उपयोग होणार नाही असे वाटले, प्रकरण घरातले किंवा ओळखीतले होते, किंवा उलट सूड घेतला जाईल अशी भीती होती. समाजाचा आधार कुठे तुटतो हे ज्यांना खरे माहीत आहे, ते या न आलेल्यांतच अधिक आहेत. प्रबंधाच्या मर्यादेत तुम्ही सर्वेक्षण करू शकणार नाही हे मला मान्य आहे. परंतु तीसपैकी निदान आठ-दहा जण असे असावेत की ज्यांनी कुठेही तक्रार केलेली नाही. असे लोक यादीतून मिळत नाहीत. ओळखीतून, वाट पाहून मिळतात.

आता मुख्य मुद्दा. समाज पीडिताला आधार देतो हे वाक्य अर्धेच खरे आहे, कारण समाज आधी पीडिताला पारखून घेतो. निल्स क्रिस्टी या नॉर्वेजियन गुन्हेगारीशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये ‘आदर्श पीडित’ ही कल्पना मांडली. त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे : आजारी बहिणीची शुश्रूषा करून भरदिवसा घरी परतणारी एक वृद्ध स्त्री, तिच्या डोक्यात मारून पिशवी हिसकावणारा धिप्पाड, अनोळखी माणूस, आणि ते पैसे तो व्यसनावर उडवतो. पीडित दुबळी आहे, चांगल्या कामात आहे, तिथे असण्याबद्दल तिला कोणी बोल लावू शकत नाही. गुन्हेगार बलदंड, वाईट आणि परका आहे. असे चित्र पूर्ण जुळले की सहानुभूती आपोआप मिळते. यातली एक जरी रेघ हलली, म्हणजे पीडित तरुण पुरुष असला, प्यालेला असला, गुन्हेगार त्याचा मित्र असला किंवा घटना रात्री भलत्या ठिकाणी घडली, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर शंका उमटू लागते.

ही शंका दुष्टपणातून येते असे समजू नका. मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत एका स्त्रीला विजेचे झटके बसत आहेत असे प्रेक्षकांना भासवले होते. तिची सुटका करणे ज्यांच्या हाती नव्हते, त्या प्रेक्षकांनी हळूहळू तिलाच कमी लेखायला सुरुवात केली. जग न्यायाने चालते हा विश्वास टिकवायचा असेल, तर ज्याचे वाईट झाले त्याचे काहीतरी चुकलेच असणार, असे मानणे मनाला सोयीचे जाते. शेजारी, नातेवाईक, अधिकारी आणि डॉक्टर या सगळ्यांच्या प्रतिसादात मला ही गोष्ट दिसत आली आहे, आणि पहिल्या काही वर्षांत ती माझ्याही प्रश्नांत होती.

एक प्रसंग सांगते. मारहाण करून लुटल्या गेलेल्या एका तरुणाची मुलाखत मी घेत होते. जखम भरून आली होती, बोलण्यात तो मोकळा होता. ‘तुम्ही त्या वेळी तिथे का गेला होता?’ असे मी विचारले. माझ्या अर्जावर दिनक्रमाविषयी एक रकाना होता आणि तो मला भरायचा होता. मनात दुसरे काही नव्हते. तो थोडा हसला आणि म्हणाला, “तुम्ही बाराव्या.” मला कळेना. तेव्हा त्याने सांगितले की घटना घडल्यापासून हाच प्रश्न त्याला अकरा जणांनी विचारला होता, आणि चौथ्यानंतर त्याने मोजायला सुरुवात केली होती. वडील, मोठी बहीण, दोन मित्र, ठाण्यातला अंमलदार, टाके घालणारा डॉक्टर, कामावरचा वरिष्ठ अशी ती यादी त्याला पाठ होती. मारणारा तिथे का आला होता, हे कोणीच विचारले नव्हते. माझ्या पुढच्या पंधरा प्रश्नांना त्याने ‘हो’, ‘नाही’ एवढीच उत्तरे दिली, आणि ती मुलाखत मी फुकट घालवली. पण त्या अकरा जणांच्या यादीने मला जे शिकवले ते माझ्या संपूर्ण प्रश्नावलीने शिकवले नव्हते. मी तुम्हाला सुचवते आहे तो अभ्यास म्हणजे हीच यादी.

तेव्हा प्रत्येक पीडिताच्या बाबतीत ‘घटनेनंतर’चा नकाशा काढा. पहिल्यांदा कोणाला सांगितले, त्याने काय म्हटले, त्याच्या म्हणण्यामुळे दुसऱ्या कोणाला सांगावेसे वाटले की नाही. हकिगत एकूण किती वेळा, किती ठिकाणी सांगावी लागली. कुठे बसायला दिले, किती वेळ थांबवले, प्रकरणाचे पुढे काय झाले हे कोणी आपणहून कळवले का. गुन्ह्याने झालेल्या इजेवर व्यवस्थेच्या आणि भोवतालच्या माणसांच्या वागण्याने जी दुसरी इजा होते, तिला आमच्याकडे दुय्यम पीडन म्हणतात. हा शब्द प्रबंधांत सर्रास येतो, पण तिचा असा तपशील फार थोड्या ठिकाणी सापडतो. शिवाय हे प्रश्न विचारताना घटनेच्या गाभ्यात शिरावेच लागत नाही. घटना एका वाक्यात नोंदवून तुम्ही पुढे जाऊ शकता, आणि उत्तर देणाऱ्याला आपण पुन्हा तपासले जात आहोत असे वाटत नाही; उलट या वेळी तोच इतरांविषयी साक्ष देत असतो.

हा तपशील किती बारीक असू शकतो याचे एक उदाहरण. घरफोडी झालेल्या एका वयस्क बाईंबरोबर मी चोरीच्या वस्तूंचा तक्ता भरायला बसले होते. भांडी, रोख रक्कम, एक अंगठी हे सगळे भराभर लिहून झाले. मग ‘मनगटी घड्याळ, बंद’ असे त्यांनी लिहिले आणि ‘अंदाजे किंमत’ या रकान्यापाशी पेन थांबले. ते घड्याळ त्यांच्या दिवंगत पतीचे होते, कित्येक वर्षांपासून बंद होते, पट्टाही तुटलेला होता. शून्य लिहिणे त्यांना जमेना आणि आकडा लिहिणे त्यांना खोटे वाटत होते. समोरचा कारकून सभ्य होता, पण त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून रांगेकडे पाहिले. शेवटी त्यांनी ती ओळच खोडली. त्या घरफोडीत त्यांची सर्वांत मोठी हानी जी झाली, ती सरकारदप्तरी कुठेच नाही. यात कोणाचाही दोष काढता येत नाही, पण आधार देणाऱ्या व्यवस्थेला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे त्या खोडलेल्या ओळीत आहे. तुम्ही भेटाल त्या प्रत्येकाला ‘अर्जात कशाला जागा नव्हती?’ हा एक प्रश्न जरूर विचारा.

येथवर सांगितलेले थोडक्यात असे की, निवड करताना तक्रार न केलेल्यांना धरा, आणि प्रश्न घटनेपेक्षा घटनेनंतर भेटलेल्या माणसांवर व कागदांवर केंद्रित करा. याच्या जोडीला दुसऱ्या बाजूच्या पाच-सात मुलाखती घ्या : तक्रार लिहून घेणारा, तातडीच्या विभागातील परिचारिका, भरपाईचे अर्ज तपासणारा कर्मचारी, शेजारी. तीस पीडितांऐवजी अठरा पीडित आणि सात प्रतिसाद देणारे, असा नमुना मला अधिक पटेल.

आता आधाराविषयी. ‘आधार’ म्हटले की बहुतेक विद्यार्थी समुपदेशनापासून सुरुवात करतात. माझ्या अनुभवात पहिल्या दोन दिवसांत लोक जे मागतात ते फार साधे असते : तुटलेले कुलूप आजच्या आज बदलून हवे असते, फोन चोरीला गेला म्हणून कोणाचा तरी क्रमांक हवा असतो, मुलांना शाळेतून आणायला कोणी तरी हवे असते, आणि पुढे काय होणार हे समजेल अशा भाषेत सांगणारे माणूस हवे असते. मनाच्या उपचारांची गरज काहींना नक्की लागते आणि ती वेळेवर मिळाली पाहिजे. पण बहुसंख्य लोक आपल्या माणसांच्या आधाराने काही आठवड्यांत-महिन्यांत सावरतात. घटनेनंतर लगेच प्रत्येकाला बसवून एका बैठकीत सगळे बोलायला लावण्याची पद्धत एके काळी फार लोकप्रिय होती. तिचे काटेकोर परीक्षण झाले तेव्हा तिने नंतरचा मानसिक त्रास टळतो असे दिसले नाही, आणि काही अभ्यासांत तर त्रास वाढल्याचे आढळले. म्हणून ‘समुपदेशन मिळाले का?’ या प्रश्नाचे ‘नाही’ हे उत्तर आपोआप उणीव समजू नका. कोणती मदत, केव्हा आणि मागितल्यावर की न मागता, हे विचारा.

एक प्रकारचा आधार असा आहे की ज्याकडे सामाजिक अभ्यासकांचे लक्ष कमी जाते, तो म्हणजे पुन्हा तसेच घडू न देणे. ज्याच्या बाबतीत एकदा गुन्हा घडला, त्याच्या बाबतीत तो पुन्हा घडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि घरफोडीत तर हा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो. इंग्लंडमधील रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच निरीक्षणावर एक प्रकल्प उभा राहिला. साऱ्या वसाहतीवर सारखाच खर्च करण्याऐवजी आधीच घरफोडी झालेल्या घरांवर लक्ष दिले गेले, नाणी टाकून वापरायचे गॅस-विजेचे मीटर, ज्यांतली रोकड चोरांना सहज मिळे, काढले गेले, कुलपे-कड्या सुधारल्या गेल्या आणि आजूबाजूच्या मोजक्या घरांनी त्या घरावर नजर ठेवायची अशी व्यवस्था झाली. घरफोड्या लक्षणीय प्रमाणात घटल्या. इथे आधार आणि प्रतिबंध एकच झाले. दाराला लावलेली मजबूत कडी ही काही पीडितांसाठी झोपेची गोळी असते, हे मी स्वतः पाहिले आहे.

आर्थिक भरपाईचे मूळ जुने आहे. हम्मुराबीच्या संहितेतही लुटारू सापडला नाही तर लुटल्या गेलेल्याचे नुकसान त्या नगराने भरून द्यावे, असे कलम आहे. आधुनिक काळात मार्जरी फ्राय या ब्रिटिश सुधारणावादी स्त्रीने १९५० च्या दशकात या कल्पनेचा पाठपुरावा केला. न्यूझीलंडने १९६३ मध्ये पहिला कायदा केला, १९६४ मध्ये ब्रिटनने योजना आणली आणि १९६५ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने. तुम्ही अभ्यासाल ती कोणतीही योजना असो, रकमेपेक्षा तिच्या अटी आधी वाचा. ठरावीक मुदतीत पोलिसांना कळवलेले असणे, तपासात सहकार्य करणे, स्वतःच्या वर्तनामुळे इजा ओढवलेली नसणे, पूर्वीचा गुन्हा नावावर नसणे अशा अटी वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या मिश्रणात आढळतात. क्रिस्टीचा आदर्श पीडित तुम्हाला तिथे कायद्याच्या भाषेत भेटेल. किती जणांना पैसे मिळाले यापेक्षा किती जणांना अशी योजना असते हेच माहीत नव्हते, हा आकडा तुमच्या छोट्या नमुन्यातही बोलका ठरेल.

आता मुलाखतीच्या तंत्राकडे येते. ‘का’ हा शब्द प्रश्नावलीतून काढून टाका. आपल्या भाषेत ‘का गेलात’, ‘का नाही सांगितलं’ यांत जाब विचारल्याचा सूर येतोच, तुमचा आवाज कितीही मऊ असो. त्याऐवजी ‘मग काय झालं’, ‘त्या वेळी समोर कोणते मार्ग दिसत होते’ असे विचारा. दुसरे, गुन्ह्याचे नाव घेऊन विचारू नका, कृती विचारा. ‘तुमच्यावर कधी कौटुंबिक हिंसाचार झाला का?’ याला ‘नाही’ म्हणणारी व्यक्ती ‘घरातील कोणी तुम्हाला कधी ढकलले, गळा धरला, बाहेर जाण्यापासून रोखले?’ याला ‘हो’ म्हणते, कारण तिच्या लेखी त्या गोष्टीचे नाव हिंसाचार नसते. तिसरे, काळाची खूण द्या. जुनी घटना अलीकडची वाटणे हा स्मृतीचा नेहमीचा खेळ आहे. ‘गेल्या वर्षभरात’ असे मोघम न म्हणता एखाद्या लक्षात राहणाऱ्या दिवसापासून मोजायला सांगा. आणि वारंवार घडणाऱ्या घटनांना एक घटना म्हणून मोजू नका. ब्रिटनमधील सर्वेक्षणात एकाच व्यक्तीबाबत वारंवार घडलेल्या सारख्या घटना पाचपर्यंतच मोजण्याचा नियम अनेक वर्षे होता, आणि त्यामुळे घरातील हिंसा आकड्यांत प्रत्यक्षापेक्षा बरीच कमी दिसते, अशी टीका झाल्यावर तो बदलावा लागला.

काही गोष्टी मात्र सर्वस्वी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि तिथे मी तुम्हाला एकच एक नियम देऊ शकत नाही. गुन्हेगार अनोळखी असेल तर घरी जाऊन मुलाखत घेणे सर्वांत चांगले; तो त्याच घरात राहत असेल तर तेच सर्वांत धोक्याचे. जागतिक आरोग्य संघटनेने स्त्रियांवरील कौटुंबिक हिंसेच्या संशोधनासाठी २००१ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत एका घरातील एकाच स्त्रीची मुलाखत घ्यावी, घरातील इतरांना विषय कळू देऊ नये आणि मध्येच कोणी आले तर विषय बदलता यावा, असा सल्ला आहे. मी स्वतः वहीत आरोग्य-आहाराविषयीच्या प्रश्नांचे एक पान तयार ठेवते आणि फोनवर संदेश पाठवताना विषयाचा उल्लेखही करत नाही, कारण तो फोन कोण उघडेल हे आपल्याला माहीत नसते. खटला चालू असेल तर तुमच्या टिपणांची न्यायालयात मागणी होऊ शकते का, हे तिथला कायदा जाणणाऱ्या माणसाला आधी विचारा. शंका असेल तर घटनेचा तपशील लिहूनच घेऊ नका. अल्पवयीन पीडितांना पदव्युत्तर प्रबंधात घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, मार्गदर्शकांचे वेगळे असले तरी. घटनेला किती काळ लोटला असावा, यावर एकमत नाही. मी साधारण सहा महिन्यांच्या आत स्वतःहून संपर्क करत नाही. आणि मदतीचे आश्वासन देऊ नका. मदत कुठे मिळते याचा पडताळून पाहिलेला कागद सोबत ठेवा. ‘पडताळून’ म्हणजे त्या प्रत्येक क्रमांकावर आपण स्वतः फोन करून पाहिलेला.

पीडित आणि गुन्हेगार यांना समोरासमोर आणणाऱ्या समेट बैठकांविषयीही तुम्ही एका ओळीत विचारले आहे, म्हणून थोडेच लिहिते. १९७४ मध्ये कॅनडातील ओंटारिओ प्रांतात २२ ठिकाणी नासधूस करणाऱ्या दोन तरुणांना त्या-त्या पीडितांच्या दारी नेण्यात आले आणि तिथून या पद्धतीचा आधुनिक प्रवास सुरू झाला. अशा भेटीला स्वेच्छेने तयार झालेले पीडित पुष्कळदा समाधानी आढळतात. पण भेटीची वेळ जर गुन्हेगाराच्या शिक्षेच्या वेळापत्रकावर ठरत असेल, किंवा दोघांमध्ये आधीपासून दहशतीचे नाते असेल, तर ‘स्वेच्छा’ या शब्दाकडे नीट पाहावे लागते. एवढ्या छोट्या अभ्यासात हा उपविषय मावणार नाही, सोडून द्या.

शेवटी तुमचा शब्दाचा प्रश्न. ‘बळी’ या शब्दात अर्पण केलेल्या जिवाची छटा आहे. इंग्रजीतील ‘व्हिक्टिम’ हा प्रतिशब्दही ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ यज्ञात दिलेला पशू असाच होता. मृत व्यक्तीसाठी तो चालतो, जिवंत माणसाला त्याच्या तोंडावर म्हणता येत नाही. ‘पीडित’ हा शब्द कायद्यात आणि वृत्तपत्रांत रुळला आहे, व्याख्येला तोच सोयीचा आहे, म्हणून प्रबंधात तो वापरा आणि एका परिच्छेदात त्याची मर्यादा सांगा. ‘सर्व्हायव्हर’, म्हणजे तगून राहिलेली व्यक्ती, हा शब्द काहींना बळ देतो, काहींना वाटते की आपण अजून सावरलोच नाही तर हा शब्द आपल्याला घाई करतो आहे. मुलाखतीत यांपैकी कोणताच शब्द वापरू नका. ‘तुमच्यासोबत जे झालं ते’ एवढे पुरते. एका बाईंना मी बोलण्याच्या ओघात पीडित म्हटले, तेव्हा त्यांनी मला थांबवून सांगितले, “मी पीडित नाही, मी फिर्यादी आहे.” त्यांच्या खटल्यात त्यांना केवळ साक्षीदार म्हणून बोलावले होते, हे त्यांना तोवर कोणी सांगितलेले नव्हते.

प्रश्नावली साठवरून पंचविसावर आणा. घटनेच्या वेळच्या मनःस्थितीवरचा भाग पूर्ण काढा, आणि पहिला प्रश्न ‘हे तुम्ही सर्वांत आधी कोणाला सांगितलंत?’ हा ठेवा. दोन मुलाखती करून पाहा, त्यांची टिपणे वाचा, आणि मग उरलेल्या सोळांची वेळ ठरवा.